मराठी वाचकासाठी ई-रीडर : किती इंच पुरेत?

ई-रीडरच्या खोक्यावर स्क्रीनचे माप इंचांत छापलेले असते. हे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे तिरके असते. टीव्ही घेताना ते चालून जाते, पण पुस्तक वाचण्याच्या यंत्राबद्दल त्यातून फारसे काही कळत नाही. वाचणाऱ्याची नजर ओळीवरून आडवी जाते, तेव्हा स्क्रीनची रुंदी किती आणि तिच्यात मराठीची एक ओळ किती शब्दांची बसते, हे आधी पाहायला हवे.

बाजारातल्या ठरावीक मापांचे सेंटिमीटर असे निघतात. ६ इंची स्क्रीन साधारण ९.१ सेंमी रुंद आणि १२.२ सेंमी उंच असते. ७ इंची स्क्रीन १०.७ बाय १४.२, ७.८ इंची ११.९ बाय १५.८ आणि १०.३ इंची १५.७ बाय २०.९ सेंमी भरते. टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ सेंमी लांब आणि ९ सेंमी रुंद असते. ते उभे धरून लांबीत पावणेदोन सेंटिमीटर कमी केले की ६ इंची स्क्रीन डोळ्यांपुढे येते. ए-फोर कागद मधोमध दुमडला की जवळजवळ १०.३ इंची स्क्रीन होते. ६ आणि ७ यांच्यात ऐकायला एकाच इंचाचा फरक आहे, पण क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते. १०.३ इंची स्क्रीनचे क्षेत्रफळ तर ६ इंचीच्या जवळजवळ तिप्पट असते.

६ इंच हे माप या यंत्रांच्या सुरुवातीपासून चालत आले आहे. सोनीचा 'लिब्रिए' २००४ मध्ये जपानमध्ये आला, ॲमेझॉनचा पहिला किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत आला, आणि दोन्हींची स्क्रीन ६ इंचांचीच होती. दोन्हींत ई-इंक हे तंत्र होते. सूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे विद्युतभारित कण विजेच्या खेचाखेचीने वरखाली होतात आणि पान उमटते. पान उमटले की ते तसेच ठेवायला वीज लागत नाही. इंग्रजीतली स्वस्त, खिशात मावणारी पेपरबॅक कादंबरी साधारण साडेदहा सेंमी रुंदीची असते. दोन्ही बाजूंचा समास वगळला तर तिची ओळ नऊ सेंमीच्या आतच राहते. म्हणजे ६ इंची स्क्रीनवर त्या पुस्तकाची ओळ जशीच्या तशी बसते. इंग्रजी वाचकाला हे माप कधी अपुरे वाटले नाही, याचे कारण इथे सापडते.

मराठी पुस्तकाची गोष्ट निराळी आहे. कोल्हापूरचे उदाहरण घ्यावे. करवीर नगर वाचन मंदिर हे तिथले ग्रंथालय १८५० सालचे. तिथल्या किंवा शहरातल्या कुठल्याही जुन्या घरातल्या कपाटापुढे उभे राहिले तर बहुतेक कादंबऱ्या डेमी आकाराच्या दिसतात. डेमीचे पान साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद, म्हणजे सुमारे २१.६ बाय १४ सेंमी. समास सोडला तर छापील मजकुराची रुंदी दहा-साडेदहा सेंमी आणि उंची सतरा सेंमीच्या आसपास राहते. वि. स. खांडेकरांनी उत्तरायुष्य कोल्हापुरात काढले, रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे. १९५९ ची 'ययाति', १९६२ ची 'स्वामी' आणि १९६७ ची 'मृत्युंजय' या तिन्ही कादंबऱ्या कोल्हापूर या एकाच जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या लेखकांच्या आहेत. इथला वाचक अशाच ऐसपैस कादंबऱ्यांवर पोसलेला आहे. त्याच्या डोळ्यांना सवय आहे ती साडेदहा सेंटिमीटरच्या, नऊ ते अकरा शब्दांच्या ओळीची.

ही रुंदी आणि ७ इंची स्क्रीनची रुंदी जवळजवळ सारखीच आहे. मराठी कादंबरीसाठी माप निवडताना याहून उपयोगी गोष्ट दुसरी नाही.

अरुंद ओळीचा त्रास इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त का होतो, हे पानावर लगेच दिसते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. 'कोल्हापुरातल्यांपैकी' किंवा 'ग्रंथालयांमधल्यापेक्षा' असा एकच शब्द ओळीचा चौथा हिस्सा खाऊन जातो. इंग्रजी छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडून आडवी रेघ देतात. मराठीत ही पद्धत फारशी रुळलेली नाही, आणि ई-रीडरही मराठी शब्द सहसा तोडत नाहीत. मग लांब शब्द पुढच्या ओळीवर ढकलला जातो आणि मागे राहिलेले चार-पाच शब्द दोन्ही कडांना टेकवण्यासाठी ताणले जातात. मजकुरात पांढरी भगदाडे पडतात. यावर उपाय आहे. सेटिंगमध्ये जाऊन मजकूर फक्त डाव्या कडेला लावून घेतला की भगदाडे जातात आणि उजवी कड थोडी मागेपुढे होते. मात्र ही सोय प्रत्येक यंत्रात आणि प्रत्येक पुस्तकात मिळेलच असे नाही.

उंचीचेही तसेच. देवनागरी अक्षर शिरोरेषेच्या वर आणि पायाच्या खाली दोन्हीकडे पसरते. 'मूर्तींमध्ये' हा शब्द पाहावा : खाली दीर्घ ऊकार, वर रफार, वेलांटी आणि त्यावर अनुस्वार. हे सारे वरच्या ओळीला न भिडता बसवायचे तर दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. डेमी पानावर साधारण तीस ओळी येतात. त्याच आकाराचे अक्षर ठेवले तर ६ इंची स्क्रीनवर १९ च्या आसपास आणि ७ इंचीवर २२ ओळी मावतात. छापील पानावर अंदाजे तीनशे शब्द असले, तर ६ इंचीवर एका वेळी दीडशेच्या आतच आणि ७ इंचीवर दोनशेच्या जवळपास शब्द दिसतात. सहाशे पानांच्या कादंबरीसाठी ७ इंचीवर सुमारे नऊशे वेळा, तर ६ इंचीवर बाराशेहून अधिक वेळा पान उलटावे लागते.

हा हिशेब छापील अक्षराएवढेच अक्षर ठेवले तर लागू पडतो. चाळिशी ओलांडलेल्यांसाठी तो बदलतो. वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे स्पष्ट दिसेनासे होते. चष्मा लावूनही बरेच जण अक्षर मोठे करून वाचणे पसंत करतात, आणि ई-रीडर घेण्याचे त्यांचे पहिले कारण बहुधा तेच असते. अक्षर दीडपटीच्या जवळ नेले की ६ इंची स्क्रीनवर ओळीत पाचच शब्द उरतात आणि पानावर साठ-सत्तर. वाक्य पुरे होण्याआधीच पान संपते. खांडेकरांचे एखादे लांब, उपमांनी सजलेले वाक्य अशा तुकड्यांत वाचताना त्याची लय हाती लागत नाही. तेवढेच अक्षर ७ इंचीवर शंभरेक शब्द देते आणि ७.८ किंवा ८ इंचीवर सव्वाशे-दीडशे. म्हणून साठीच्या पुढच्या वाचकाने ८ इंचांच्या आसपासचे यंत्र पाहावे. घरातली मुले आई-वडिलांना भेट म्हणून हौसेने सर्वांत लहान आणि स्वस्त ई-रीडर देतात. ती निवड बहुतेक वेळा चुकीचीच असते.

मग सगळ्यांनीच मोठी स्क्रीन का घेऊ नये? पहिली अडचण वजनाची. ६ इंची यंत्र १६० ग्रॅमच्या आसपास असते, ७ इंची दोनशेच्या थोडे पुढे, आणि १० इंचांपुढची यंत्रे पावणेचारशे ते सव्वाचारशे ग्रॅमपर्यंत जातात. वर संरक्षक कव्हराचे वजन वेगळे. टेबलावर ठेवून वाचणाऱ्याला याचे काही वाटत नाही. पण कोल्हापूरहून मुंबईला निघालेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर पाठीवर झोपून, एका हाताने छातीवर तोलून धरायचे तर २०० आणि ४०० ग्रॅममधला फरक मिरज येण्याआधीच मनगटाला कळतो. दिवसाच्या कोयना एक्स्प्रेसमध्ये किंवा कोल्हापूर शहराच्या केएमटी बसमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला तर एक हात दांडीसाठी मोकळा ठेवावाच लागतो. रोजच्या येण्या-जाण्यात आणि रांगांमध्येच ज्याचे वाचन होते, त्याला ६ इंची यंत्रच सोयीचे. ते शबनममध्ये, पर्समध्ये, सैल कुर्त्याच्या खिशातसुद्धा जाते. जवळ नसलेल्या मोठ्या यंत्रापेक्षा खिशातल्या लहान यंत्रावर वाचन जास्त होते.

दुसरी अडचण ओळीच्या लांबीची. १०.३ इंची स्क्रीनवर साध्या आकाराचे अक्षर ठेवले तर ओळ तेरा-चौदा शब्दांची होते. ओळीच्या शेवटी पोहोचून परत डावीकडे येताना नजर चुकते आणि तीच ओळ पुन्हा वाचली जाते किंवा एखादी गळते. मोठ्या आकाराच्या मासिकांत मजकूर दोन स्तंभांत छापतात तो याच कारणाने. मोठ्या स्क्रीनवर कादंबरी वाचायचीच तर सेटिंगमधून समास वाढवून ओळ आखूड करावी लागते, म्हणजे जास्त पैसे मोजून घेतलेली जागा कोरी सोडावी लागते.

इथपर्यंतचा विचार ज्या पुस्तकांत अक्षर मोठे केल्यावर मजकूर नव्याने ओळींत बसतो, त्या पुस्तकांचा झाला. ईपब किंवा किंडलच्या प्रकारातली पुस्तके अशी असतात. किंडलवर मराठी पुस्तकांची अधिकृत विक्री डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर सुरू झाली. तेव्हापासून अशा मराठी पुस्तकांची संख्या वाढत गेली आहे. तरीही मराठी वाचकाच्या संग्रहात पीडीएफचे प्रमाण मोठे राहते, आणि स्क्रीनच्या मापाचा खरा कस पीडीएफवर लागतो.

त्याचे एक कारण मराठी अक्षरजुळणीच्या इतिहासात आहे. संगणकावर पुस्तके जुळवायला लागल्यानंतर बराच काळ श्रीलिपीसारख्या प्रणाली वापरात होत्या. त्यांचे जुने फॉन्ट युनिकोडचे नव्हते. अशा फाइलमधला मजकूर तसाच ईपबमध्ये नेला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे येतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून मग ओळ न् ओळ तपासावा लागतो. या खटाटोपापेक्षा छपाईची पीडीएफ तशीच देणे सोपे पडते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुष्कळ पुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, ती पीडीएफमध्ये. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफमध्येच मिळतात. ई-साहित्य प्रतिष्ठानही पीडीएफ पुस्तके विनामूल्य वाटते. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत तर पानांची छायाचित्रेच मिळतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २४ वा खंड कोल्हापूर संस्थानावर आहे, १८८६ सालचा. जिल्ह्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्या कोणालाही तो उघडावाच लागतो आणि सहज मिळणारी प्रत स्कॅन केलेली असते.

पीडीएफचे पान अखंड चित्रासारखे लहान-मोठे होते. डेमी पुस्तकाची पीडीएफ ६ इंचीवर उघडली की पान मूळच्या ५६ टक्क्यांवर येते. १३ पॉइंटचे अक्षर सात पॉइंटच्या थोडे पुढे राहते. ते वाचता येते, पण दहा पाने वाचून डोळे शिणतात. ७ इंचीवर तेच अक्षर साडेआठ पॉइंट होते. बहुतेक यंत्रांत पानाचा समास कापून टाकायची सोय असते. ती वापरली तर ७ इंचीवर अक्षर अकरा पॉइंटच्या जवळ जाते आणि वाचन सुसह्य होते. याहून चांगली युक्ती यंत्र आडवे धरण्याची. ७ इंची स्क्रीनची उंची १४.२ सेंमी आहे आणि डेमी पानाची रुंदी १४. यंत्र आडवे केले की डेमी पान मूळ आकारात दिसते आणि दोन टप्प्यांत, आधी वरचा अर्धा आणि मग खालचा अर्धा असे, वाचून होते. मोठ्या यंत्राचा जादा खर्च आणि जादा वजन यामुळे वाचते. अधूनमधून पीडीएफ वाचणाऱ्याला एवढे पुरेसे आहे.

ज्याचे कामच पीडीएफवर चालते, त्याची गोष्ट वेगळी. शिवाजी विद्यापीठात संशोधन करणारा विद्यार्थी, दूरशिक्षणाची स्वयंअध्ययन पुस्तके वाचणारा, स्पर्धा परीक्षेसाठी शासकीय अहवाल आणि बालभारतीची पुस्तके चाळणारा, यांनी १०.३ इंचांच्या खाली पाहूच नये. या स्क्रीनवर डेमी पान ९७ टक्के, म्हणजे छापील पुस्तकाएवढेच दिसते. ए-फोर पान सत्तर टक्क्यांवर येते आणि समास कापला तर पंच्याऐंशी टक्क्यांच्या जवळ जाते. गॅझेटियरमधली तक्त्यांची पाने उजवी-डावीकडे न सरकवता वाचता येतात, आणि तक्ता वाचताना ते सरकवणेच सर्वांत वैतागाचे असते. या मापाच्या बहुतेक यंत्रांबरोबर लेखणीही मिळते, तिने समासात टिपणे करता येतात. १३.३ इंची यंत्रेही आहेत. त्यांवर ए-फोर पान नव्वद टक्क्यांनी दिसते, पण किंमत आणि आकार पाहता वकील, वास्तुविशारद, संगीताच्या स्वरलिपी वाचणारे यांच्यापलीकडे त्यांची शिफारस करण्यात अर्थ नाही.

स्क्रीनच्या मापाबरोबर तिच्यावरचे ठिपके किती दाट आहेत तेही पाहावे. पहिल्या किंडलवर एका इंचात १६७ ठिपके होते. आज ६, ७ आणि ८ इंचांच्या बहुतेक चांगल्या यंत्रांवर ते ३०० असतात आणि १०.३ इंचीवर पुष्कळदा २२७. देवनागरीला ही दाटी रोमनपेक्षा जास्त लागते. 'द्य', 'द्ध' आणि 'द्व' यांच्यातला फरक बारीक गाठीचा आहे. 'घ' आणि 'ध' यांच्यातला एका तुटक रेषेचा. सात पॉइंटचे अक्षर १६७ च्या स्क्रीनवर अवघ्या सोळा ठिपक्यांच्या उंचीत बसवावे लागते. तिथे 'द्य' आणि 'द्ध' संदर्भाने ओळखावे लागतात आणि अनुस्वार धुळीच्या कणासारखा दिसतो. ३०० च्या स्क्रीनवर त्याच अक्षराला २९ ठिपके मिळतात. जुने, वापरलेले ६ इंची यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हा आकडा आधी विचारावा. १०.३ इंचीवर २२७ चालतात, कारण तिथे अक्षरच मोठे असते.

रंगीत ई-इंकची यंत्रेही आता आली आहेत. त्यांतल्या नेहमीच्या प्रकारात काळा मजकूर ३०० ठिपक्यांचा आणि रंगीत चित्रे १५० ची असतात, शिवाय रंगांच्या थरामुळे पान थोडे करडे दिसते. कथा-कादंबऱ्यांसाठी त्यांची गरज नाही. मुलांच्या चित्रमय पुस्तकांना रंग हवा हे खरे, पण ६-७ इंचांत ती चित्रे तशीही गुदमरतात.

वर्तमानपत्राच्या ई-पेपरसाठी मात्र कुठल्याच मापाचा ई-रीडर घेऊ नये. 'पुढारी' किंवा 'सकाळ'चे पूर्ण पान एवढे मोठे असते की १३.३ इंचीवरही बातम्यांचे फक्त मथळे वाचता येतात. पान मोठे करून सरकवत जावे, तर ई-इंकची स्क्रीन दर वेळी नव्याने उमटायला क्षणभर घेते. त्या कामाला मोबाइल किंवा टॅबच बरा. दिवाळी अंकांचेही थोडेफार तसेच आहे. दोन स्तंभांचा मोठा अंक पीडीएफमध्ये असेल तर १०.३ इंचीवर नीट वाचता येतो, ७ इंचीवर एकेक स्तंभ मोठा करून वाचावा लागतो.

यंत्र हातात घेऊन पाहण्याची सोय नसेल, आणि बहुतेक खरेदी ऑनलाइन होत असल्याने ती सहसा नसतेच, तर घरीच एक परीक्षा करता येते. जाड कागदात ९.१ बाय १२.२, १०.७ बाय १४.२ आणि १५.७ बाय २०.९ सेंटिमीटरच्या तीन खिडक्या कापाव्यात. कपाटातली आवडती कादंबरी उघडून त्या एकेक करून पानावर ठेवाव्यात आणि खिडकीत दिसेल तेवढेच वाचून पाहावे. अक्षर मोठे करून वाचायची सवय असेल तर कादंबरीऐवजी मोठ्या टाइपातली पोथी घ्यावी. परीक्षा रात्रीच्या नेहमीच्या दिव्याखाली, नेहमीचाच चष्मा लावून करावी आणि निदान दोन-तीन पाने वाचावीत. पहिल्या चार ओळी कुठल्याही खिडकीत बऱ्याच वाटतात. तरीही निर्णय होत नसेल आणि वाचन मुख्यतः कथा-कादंबऱ्यांचे असेल, तर ७ इंची यंत्र मागवावे आणि ते परत करण्याची मुदत संपण्याआधी त्यावर एक मराठी पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढावे.